टेम्पोतली बोट : भोकरदन ते जालना आणि परत

जायचं की नाही हा प्रश्न नव्हता. अधिक महिना होता. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीच्या माहेरी जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात, कपडे करतात. हे आमंत्रण कोणी टाळत नाही. मला खरं तर धोंड्यांपेक्षा तलाव पाहायचा होता. माझी बायको वैशाली हिचं गाव भोकरदनच्या पुढे, एका सिंचन तलावाच्या काठी आहे. तलावात अॅल्युमिनियमची बोट आली आहे, इंजिनवाली, असं तिचा धाकटा भाऊ संतोष फोनवर दोनदा सांगून चुकला होता.

औरंगाबादहून सिल्लोडमार्गे भोकरदनला एसटी आहे. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. नंतर खिडकीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. सिल्लोडला भजी घ्या, चहा घेऊ नका. भोकरदनहून पुढे काळी-पिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

गावात मला नाव नाही. मी दाजी आहे. नुसता वैशालीच्या घरचा नाही, सगळ्या गावाचा. पारावरचे म्हातारे मला बघून उठून जागा देतात. किराणा दुकानदार पैसे घेत नाही. पहिल्या वर्षी मला याची लाज वाटायची. नंतर सवय झाली. ही सवय चांगली नव्हती, हे या खेपेला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. पाणी पार आत सरकलं होतं. काठाला भेगाळलेला पांढरा गाळ. पाण्यातून बाभळींची काळी खोडं वर आलेली. तलाव होण्याआधी तिथे शेतांचे बांध होते, बांधावर बाभळी होत्या. बाकीचे मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत होते. बोट एकच, लिंबाजींची. जालन्याला भंगारात आलेली त्यांनी उचलून आणली होती. दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांब. मागची सपाट बाजू म्हणजे दोन पत्रे आणि त्यांच्या मधे लाकडी फळी. तिच्यावर छोटं इंजिन अडकवलेलं. इंग्रजीत या भागाला ट्रान्सम म्हणतात. तलावावर म्हणतात ‘मागचा पत्रा’. इंजिनाचा सगळा जोर त्याच्यावर येतो.

संतोष दोनदा पोलीस भरतीला जाऊन परत आला होता. दोन्ही वेळा धावण्यात कमी पडला. दिवाळीपासून तो लिंबाजींच्या हाताखाली होता. पावसाळ्यानंतर बोट त्याच्याच हाती द्यायची आणि निम्मी वाटणी करायची, असं लिंबाजी सगळ्यांसमोर बोलले होते. तेव्हापासून घरात कोणी त्याला भरतीवरून टोमणा मारत नव्हतं. हे सगळं वैशालीनं मला बसमध्ये सांगितलं होतं.

लिंबाजी काठावर जाळं नीट करत बसले होते. आम्ही दोघं बोटीत बसलो. थोडं आत गेल्यावर मी संतोषला म्हणालो, “दे माझ्याकडे.”

त्यानं लगेच जागा सोडली. “फक्त बाभळीकडं हळू घ्या दाजी. तिथं इंजिन वर उचलावं लागतं.”

मी बाभळीकडेच घेतली. खोडांवर पाणकावळे बसले होते. ते एकदम उडतील आणि दिसायला छान दिसेल, असं मला वाटलं. मी वेग वाढवला.

“दाजी, हळू. दाजी!”

पाण्याखालच्या खोडाला इंजिनाचा पाण्यातला दांडा धडकला. बोट जागच्या जागी थांबली आणि आम्ही पुढे पडलो. मागून पत्रा फाटल्याचा आवाज आला. इंजिन अडकवायच्या खाचेपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी आत येत होतं. संतोषनं अंगातला शर्ट काढून चिरेत कोंबला. वल्ह्यानं त्यानं बोट काठाला आणली. पाणकावळे उडाले की नाही ते मी पाहिलं नाही.

काठावर माणसं जमली. कोणीतरी माझ्या सासऱ्यांना बोलावून आणलं. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी चीर पाहिली.

“इंजिन कोणाच्या हातात होतं?”

विचारताना ते संतोषकडे बघत होते. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात संतोष म्हणाला, “माझ्या.”

“धावायला जमंना, भरती जमंना, बसून एक दांडा धरायचा तेबी जमंना?”

लोक हसले. एकानं माझ्यासाठी कुठूनशी खुर्ची आणली. “बसा दाजी, लागलं का तुम्हाला?” मी म्हणालो, नाही. खरंच लागलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. लिंबाजी बोटीपाशी वाकले. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “परवा मासळीच्या व्यापाऱ्याची गाडी येती. तोवर बोट पाण्यात पाह्यजे.”

भोकरदनला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा वेल्डर आहे. त्यानं बोट लांबूनच ओळखली. “हे लोखंड न्हाई भाऊ. माझी काडी लागली की भोक पडंल. जालन्याला न्या. तिथं अॅल्युमिनियम जोडणारा आर्गनवाला हाये.”

मग टेम्पो केला. बोट पालथी घालून बांधली. मला ड्रायव्हरशेजारी बसवलं. संतोष मागे उन्हात बोट धरून बसला. मी म्हणालो, मी बसतो मागे. ड्रायव्हर हसला. “मला गावात राहू द्यायचं हाये का न्हाई?”

भोकरदन ते राजूर रस्ता बरा आहे. काही ठिकाणी खडी पडलेली. राजूरला गणपतीच्या कमानीपाशी टेम्पो थांबला. इथे उसाचा रस चांगला मिळतो, आलं जास्त घालायला सांगा. आम्ही ग्लास हातात घेतो तोवर भोवती गर्दी झाली.

“काय हो, समिंदर आला का जालन्याला?”

“आला न्हाई. आणायला चालले.”

“गणपती बुडवायला एवढ्या जल्दी? अजून बसवला न्हाई.”

नारळवाल्या बाईनं चिरेत करंगळी घालून पाहिली. “कोणी केलं वं हे?”

संतोषनं रसाचा ग्लास ठेवला. “झालं मावशी हातून.”

मी पैसे द्यायला खिशात हात घातला. त्याच्याआधी त्यानं दिले होते. मामांनी घरून निघतानाच त्याला बजावलं होतं, दाजींचा खर्च होऊ द्यायचा नाही.

राजूर ते जालना तासाभराचा रस्ता आहे. जालना लोखंडाचं गाव आहे. दोन्ही बाजूंना भंगाराचे ढीग, सळया, काळी माती. आर्गनवाले रफिकभाई एका गाळ्यात हॉटेलांची भांडी आणि दूधवाल्यांचे कॅन जोडत होते. त्यांनी बोट उलटी-सुलटी पाहिली. आधी आतला पत्रा सोडवला. दोन पत्र्यांमधली फळी बाहेर काढली. ती काळी पडली होती आणि ओल्या भाकरीसारखी तुटत होती.

“लकडी तो पयलेच सड गयेली थी,” ते म्हणाले. “आज नहीं तो कल फुटतीच थी.”

मला बरं वाटलं. त्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच. मी संतोषकडे पाहिलं, त्यालाही बरं वाटलं असेल असं समजून. तो खाली बघत होता.

“पर ठोका किसने?” रफिकभाईंनी विचारलं.

“मी,” संतोष म्हणाला.

इथे मामा नव्हते. गाव नव्हतं. रफिकभाईंना मी कोण आहे हे माहीतही नव्हतं. मला कोणी अडवलं नव्हतं.

चिरेच्या टोकाला त्यांनी बारीक भोक पाडलं. नाहीतर जोडल्यानंतरही चीर पुढे पळते. मग कडा तासल्या, तारेच्या ब्रशानं चकचकीत केल्या आणि जोड मारला. वरून पत्र्याचा तुकडा बसवला. आम्ही प्लायवूडच्या दुकानातून पाण्याला टिकणारी जाड फळी आणली. तिला सगळ्या बाजूंनी राळेचा हात दिला आणि ती वाळेपर्यंत बसून राहिलो. स्टेशन रोडला जेवलो. मटकीची उसळ आणि भाकरी, तिखट. संतोष जेवताना म्हणाला, “दाजी, मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्यापर्यंत लिंबाजीदादा विसरून जाईल.”

“मी सांगतो त्यांना.”

“नका. माझं हसू होईल, दाजीला पुढं केलं म्हणून.”

संध्याकाळी फळी बसली. बोल्ट आणि पत्रा यांच्यामधे रफिकभाईंनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. मग बोट विटांवर ठेवून तिच्यात पाणी भरलं. बोटीची परीक्षा अशी असते, पाणी आतून बाहेर येतं का ते बघायचं. आम्ही तिघं उकिडवे बसून मागच्या पत्र्याकडे बघत राहिलो. जोड कोरडा होता.

पुढच्या दिवशी धोंड्याचं जेवण होतं. भावकीतले पुरुष पंगतीला बसले. मला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, पानाभोवती रांगोळी. संतोष तुपाचं भांडं घेऊन वाढत होता. मी पहिला घास घ्यायच्या आधी म्हणालो, “मामा, इंजिन माझ्या हातात होतं. संतोष मला हळू घ्या म्हणत होता. बोट मी फोडली.”

पंगत थांबली. मग वैशालीचे चुलते मोठ्यानं हसले. “पाह्यलं का! याला म्हणतात जावई. साळ्याचं आपल्या अंगावर घेऊन राह्यला.”

“नाही काका, खरंच...”

“बिलकुल बरोबर बोलले दाजी. आपण ऐकलं. जेवा.”

“मन मोठं हाये माणसाचं,” दुसरे कोणी म्हणाले.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आणखी एक धोंडा वाढला. मामा संतोषला म्हणाले, “शिक काही.” संतोष माझ्यासमोर वाकला. “दाजी, तूप घ्या.” मी घेतलं. मी सगळं जेवण जेवलो.

निघायच्या सकाळी एकटाच तलावावर गेलो. व्यापाऱ्याची गाडी येऊन गेली होती. बोट पाण्यात होती आणि इंजिनापाशी लिंबाजींचा पुतण्या बसला होता. लिंबाजी काठावर होते.

“संतोष कुठे आहे?” मी विचारलं.

“त्याला म्हणलं, दुसरं काही पाहा.”

“लिंबाजीराव, त्यानं काही केलं नाही. इंजिन मी...”

“मला माहिती हाये,” ते म्हणाले. “मी इथंच तर बसेल होतो. दिसलं मला.”

“मग त्याला का काढलं?”

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. “जावईबापू, गावानं पाह्यलं बोट फुटली. मंग ती कोणाच्या तरी हातून फुटली पाह्यजे. तुमच्या हातून तर फुटत न्हाई. राहिला तो. आता फोडणाऱ्याच्या हाती बोट दिली तर बाकीचे मला म्हातारचळ लागला म्हणतील.”

“मी गावात सांगितलं ना.”

“सांगितलं. त्यानं तुमचं नाव झालं.” ते उठले, धोतर झटकलं. “चहा घेता का?”

परतीच्या एसटीत सिल्लोड आलं. वैशाली म्हणाली, “इंजिन तुमच्याच हातात होतं.”

“हो. सांगितलं की मी सगळ्यांसमोर.”

“जेवताना सांगितलं. काठावर नाही सांगितलं.”



घरी येऊन महिना झाला. संतोष अंकुशनगरला साखर कारखान्यात मशिनरीच्या दुरुस्तीवर रोजानं जातो. गाळप सुरू झाल्यावर ठेवतील की नाही, माहीत नाही. त्याचा फोन येतो. तब्येत विचारतो, दाजी म्हणतो, हसतो. मी काही बोलायला गेलो की वैशालीकडे फोन द्यायला सांगतो.

मित्रांनी तलावाचे फोटो पाहून कसं जायचं ते विचारलं आहे, म्हणून हे लिहिलं. रस्ता वर दिला आहे. उन्हाळ्याच्या शेवटी जा, तेव्हा पाणी कमी आणि पक्षी जास्त. बोटीत बसायचं तर लिंबाजींना विचारा, ते नाही म्हणत नाहीत. मागच्या पत्र्याचा जोड अजून कोरडा आहे असं कळतं. तुम्ही तिथे कोणाचे जावई नसाल. बाभळीच्या खोडांवर तुम्ही बोट घातली आणि ती फुटली, तर लिंबाजी तुम्हाला काठावर उभं करून सगळ्यांसमोर शिव्या देतील. तुमच्यासोबत बोटीत जो बसला असेल, त्याला काही होणार नाही.