बजबजच्या बंद फाटकावरची हजेरी

मंगळवारी सकाळी अकराला कलकत्त्यात कामगार आयुक्तांच्या कचेरीत सुनावणी आहे आणि अनंतदादाला हजेरीच्या वह्या घेऊन बोलावलं आहे. शालिनीवहिनींची तशी तार आज दुपारी पुण्यात पोचली. त्याच मंगळवारी दादाने मुंबईच्या कचेरीत रुजू व्हायचं होतं.

मी कलकत्त्याला गेलो होतो ते त्याला आणायला. अनंतदादा माझा चुलतभाऊ. जन्म तिथलाच, नोकरी जवळच्याच बजबजच्या एका ताग गिरणीत हजेरीबाबूची. गिरणीला टाळं लागून कित्येक महिने झाले. मालकांनी मुख्य कचेरी मुंबईला हलवली आणि मोजक्याच कारकुनांना तिकडे बोलावलं. दादा उत्तर देईना, म्हणून काकूंनी, म्हणजे आता पुण्यात असलेल्या त्याच्या आईने, मला पाठवलं. संमतीचं पत्र मीच टाइप करून खिशात ठेवलं होतं. फक्त सही हवी होती.

नागपूरमार्गे हावड्याला दोन रात्री लागतात. दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असावी. हावड्याहून पुलावरून ट्राम मिळते. दुसऱ्या वर्गात पंखा नाही एवढंच, हिवाळ्यात तो लागतही नाही. डलहौसी चौकात जुन्या कंपन्यांच्या दारांशेजारी भिंतींवर फिकट चौकोन दिसले. तिथल्या पितळी पाट्या काढून नेल्या होत्या. चौरंगीवर भुयारी रेल्वेसाठी रस्ता खणलेला. एकाच शहरातून काही उचलून नेत होते आणि त्याच शहरात काही पुरत होते.

भवानीपूरला दादाच्या घरी जेवताना वीज गेली. त्याची मुलगी मिठू न सांगता कंदील घेऊन आली.

"काका, आम्हाला न्यायला आलास ना? तिकडे मी बोलू कोणाशी?"

"आजीशी," मी म्हणालो.

"आजी तर माझ्या मराठीला हसते!"

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, माझ्या शाळेच्या पगारावर घर चाललंय. मी त्यांना थांबा म्हणत नाही, जा असंही म्हणवत नाही. उद्या त्यांच्याबरोबर गिरणीवर जाऊन या, मग काय ते बोला."

पहाटे बालीगंजहून बजबजची लोकल धरली. गिरणीच्या फाटकावर साखळी, आतल्या आवारात गुडघाभर गवत. बाहेर मात्र दोन रांगा. दोन युनियन, एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. दोघींच्या याद्या वेगळ्या, आणि प्रत्येकीच्या यादीतून दुसरीची माणसं गाळलेली. दादा चहाच्या टपरीच्या बाकावर वही उघडून बसला. एकदा या रांगेतला माणूस, एकदा त्या रांगेतला. नंबर, नाव, वेळ. कामगार स्वतःहून निघून गेले असं उद्या मालकांना म्हणता येऊ नये, म्हणून ही रोजची हजेरी.

"तू अजून त्यांचाच नोकर आहेस, दादा. हे कळलं तर?"

"कळलंय. म्हणून तर मुंबईला बोलावणं आलं."

चहा घ्यायला तो उठला, तेव्हा मी म्हटलं, थोडं मी लिहितो. पुढे आलेला रामविलास, तिशी उलटलेला विणकर, माझ्या हातातल्या पेनाकडे बघून थांबला.

"आप रहने दीजिए, भाईसाहब. एक ही हाथ की लिखाई चाहिए. वकील पूछेगा, बीच में ये कौन आ गया?" मग शेजारच्या पुड्यातली मुरी, म्हणजे चुरमुरे, त्याने माझ्यापुढे केली. "खाइए. तालाबंदी मुरी पर नहीं है."

पलीकडच्या रांगेतून आवाज आला, "बाबू को ले जाने आया है, उसको खिलाता है!"

"भूखा जाएगा तो हमारी बदनामी होगी," रामविलास म्हणाला. दोन्ही रांगा हसल्या.

परतीच्या लोकलमध्ये मी पत्र काढलं. दादाने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"चांगलं लिहिलंयस. पण माझ्याशिवाय कोणाच्या वहीत दोन्ही रांगा नाहीत रे. सुनावणी होऊ दे."

"आणि तोवर जागा गेली तर?"

त्याने घडी पहिल्यासारखी घालून पत्र परत दिलं. तेव्हा सुनावणीची तारीख लागलेली नव्हती.

पुण्यात काकूंनी पत्र हातात घेतलं, सहीची रिकामी जागा पाहिली आणि देवापाशी ठेवलं. आज तार वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मंगळवारी शालिनीची शाळा असेल ना? मग तो जेवून जाईल की तसाच?"

मला माहीत आहे ते इतकंच: अकरा वाजता मालकांचे वकील सांगतील की कामगार आपण होऊन गेले, आणि दादा वह्या उघडेल. त्याच सुमारास मुंबईच्या कचेरीत कोणीतरी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहील.