तेल पाजलेली गाडी

आमच्या घरात दर अमावास्येला लोखंडाला तेल लावतात. विळी, कुदळ, कुलपं, शिलाई मशीन, काकांची जुनी हत्यारं आणि अलीकडं काकांची गाडी. काका सगळं आयुष्य फौंड्रीत मोल्डर होते. ते वाळूचे साचे करायचे, त्यात तापलेलं लोखंड ओतलं जायचं आणि गार झाल्यावर बाहेर निघायचं ते कुणाच्या तरी इंजिनाचं अंग. अमावास्येला फौंड्री बंद. मशीन डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, वर तेलाचा हात फिरवायचा, मग हार, नारळ, उदबत्ती. पुजलेल्या मशीनला त्या दिवशी परत हात लावायचा नाही. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नोकरी संपल्यावर काकांनी जुनी गाडी घेतली, तेव्हा हाच नियम तिलाही लागला. बॉनेट उघडायचं, डिझेलनं सगळं लख्ख पुसायचं, तेल चोळायचं. पाइप, नळ्या, वायरी, काळं झाकण, काही सोडायचं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत लोक थांबून बघायचे. इंजिन नुकत्याच न्हाऊन आलेल्या पैलवानासारखं चमकायचं.

मी पत्रकं लिहिते. नाल्यातला कचरा, गल्लीत जाळलं जाणारं प्लास्टिक, अंगात येणाऱ्या बायांचे दरबार, जे दिसेल त्यावर. तालमीच्या कट्ट्यावर वाटते, शिव्या खाते, परत लिहिते. काका मला पत्रकवाली म्हणतात. त्यामुळं काकूंनी जेव्हा सांगितलं की गाडीत कुणीतरी आहे, तेव्हा माझं डोकं फिरलं.

गाडी कोडोलीच्या एका व्यापाऱ्याची होती. म्हातारा घरीच, झोपेत गेला आणि पोरांनी गाडी विकली. बस्स, एवढीच गोष्ट. पण काकूंना कुणीतरी सांगितलं की म्हाताऱ्याला गोड पानाचा नाद होता. आणि गाडीत गोड वास यायचा. हे मी स्वतः सांगते, यायचा. गुळाच्या काहिलीजवळ उभं राहिल्यासारखा, पण थंड आणि शिळा. काचा उघडल्या की जायचा, बंद केल्या की पाय पसरून बसायचा.

"बघ," काकू म्हणायच्या, "आला. पान लावून बसला."

"काकू, मेलेला माणूस पान खात नाही."

"मग तू खातीस व्हय? न्हाय न्हवं? मग कोण खातंय?"

गाडी दारात लावून बंद केली की बॉनेटखालून टिक, टिक आवाज यायचा. बराच वेळ. मधेच थांबायचा, आपण आत जायला वळलो की एकदा टिक. काकू त्या आवाजाला उत्तर द्यायच्या. "आलो आलो, झालं," असं म्हणून दारातून हळद टाकायच्या. मी हसायचे. पण संध्याकाळी दारातून एकटी जाताना त्या गाडीच्या तोंडासमोरून जायचं मी टाळायचे. लिहायला बसलेय तर हेही लिहिते.

काकूंचं ऐकून काकांनी काय केलं? तेल वाढवलं. आधी अमावास्येलाच लावायचे, मग पौर्णिमेलाही लावायला लागले. त्यांचा हिशेब सरळ होता, देवाचा हात फिरला की दुसरं कुणी बसत नाही.

ताई, काकांची लेक, राधानगरीकडच्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं होतं. काकांनी लग्नातच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पोरीला पहिल्या बाळंतपणाला स्वतःच्या गाडीतून आणीन. तेव्हा गाडी नव्हतीसुद्धा. आता गाडी होती आणि काकू म्हणत होत्या, "माझी लेक त्या गाडीत बसली तर मी उंबऱ्यात आडवी पडीन. पोटुशी बाई हाय ती. त्यो आत शिरला म्हंजे?"

काका उठले. फडकं घेऊन गाडीकडं गेले.

मला राग आला तो दोघांचा. मी बॉनेट उघडायला लावलं. इंजिन म्हणजे लोखंड, अशी माझीही समजूत होती. वरचं झाकण टिचकी मारून पाहिलं, प्लास्टिक. हवा आत नेणारी मोठी वळलेली नळी प्लास्टिक. पाण्याची टाकी, तिची तोटी, सेन्सरचं घर, पंखा आणि त्याची चौकट, सगळं प्लास्टिक, काळं, जाड, ओतीव लोखंडासारखं दिसेल असं केलेलं. आणि त्यांना जोडणारे रबराचे पाइप. त्यातला वरचा मोठा पाइप मी चिमटीत धरला.

तो दबला. कितीतरी आत दबला आणि सोडल्यावर हळूहळू परत वर आला. वरची कातडी तुकतुकीत, आत काहीतरी नरम. गालाच्या आतून बोट फिरवल्यासारखं वाटलं. मी हात ओढणीला पुसला, तरी तो ओशटपणा जाईना.

मी रसायनशास्त्र शिकलेय. पाण्याच्या पाइपाचं हे रबर गरम पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, डिझेल आणि तेलात मात्र टिकत नाही. तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं. लोखंडाला जे औषध, ते याला विष. हे गाडी विकणाऱ्यांना माहीत असतं, बनवणाऱ्यांना तर असतंच. फौंड्रीत हयात घालवलेल्या माणसाच्या हातात ते प्लास्टिक आणि रबराचं इंजिन देतात, वर काळा रंग देतात आणि एक शब्द बोलत नाहीत. मग त्यानं त्याला तेल लावलं तर चूक कुणाची?

हे भाषण मी घरी दिलं. काका म्हणाले, "लोखंडाला तेल लावू नगं म्हंतीस?"

"हे लोखंड नाही, काका."

"मग काय हाय? खवा?"

मग मी गॅरेजातून नव्या पाइपाचा तुकडा मागून आणला. त्याच्या दोन चकत्या केल्या. एक काचेच्या बरणीत पाण्यात टाकली, दुसरी डिझेलमध्ये. बरण्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. सगळ्यांनी रोज बघायचं.

पाण्यातली चकती होती तशीच राहिली. डिझेलमधली वाढायला लागली. आधी जाड झाली, मग रुंद, मग तिच्या कडा वर वळल्या. खिडकीतून ऊन आलं की ती पिवळ्या डिझेलमध्ये जिवंत असल्यासारखी दिसायची. मी बरणी हलवली की ती एका बाजूनं उठायची आणि परत बसायची. मला वाटलं, आता पटेल. याच्यापेक्षा स्पष्ट पत्रक कुठलं?

काकूंनी बरणीवर फडकं टाकलं.

"वाढतंय ते," त्या म्हणाल्या. "त्याला खायला कोण घालतंय?"

"काकू, डिझेल. डिझेल पितंय ते."

"तेच म्हंतेय मी. पितंय म्हंजे जिवंत हाय न्हवं."

त्यांनी माझ्याच पुराव्यानं मला हरवलं होतं.

काका मात्र बरणीपाशी बराच वेळ उभे राहिले. पाइप बदलू म्हणाले, पण त्या दिवशी अमावास्या होती, सकाळीच पूजा झालेली, पुजलेलं इंजिन उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताईला आणायचा मुहूर्त. "आणल्यावर बदलू की," म्हणाले. काकूंचा विरोध कायम होता, त्या येणार नव्हत्या, म्हणून मी निघाले. ताईला एकटीला त्या गाडीत बसू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

राधानगरीच्या रस्त्याला धुकं होतं. भर सकाळी दिवे लावून काका हळू चालवत होते. काच आतून ओल धरत होती, म्हणून गरम हवा लावलेली. पायांवर बरं वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती की नुसतं पांढरं होतं, कळत नव्हतं. बराच वेळ समोरून एकही वाहन आलं नाही.

मग तो वास आला. याआधी कधी आला नव्हता इतका दाट. घशाला चिकटणारा.

काका म्हणाले, "काच उघड." मी उघडली. धुकं आत आलं, वास गेला नाही.

आणि पायांवरची गरम हवा गार झाली. कुणी बटण फिरवलं नव्हतं. एका क्षणात ती आधी कोमट झाली, मग गार, ओल्या विहिरीतून आल्यासारखी. माझ्या पोटऱ्यांवर काटा आला. मी इंजिनाच्या तापमानाचा काटा बघितला. तो खाली चालला होता. आपण बघतोय तोवर, शांतपणे, थंडाकडं.

"गार हाय की इंजिन," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "लई गार हाय. असं कसं?"

मला कळत होतं कसं. गोड वास होता तो इंजिनाच्या पाण्यात मिसळलेल्या कूलंटचा, पाइपातून गळणाऱ्या. पाणी गेलं की काट्याला आणि हवेला गरम करायला काही उरतच नाही, इंजिन आत जळत असतं आणि काटा सांगतो सगळं गार. हे मला माहीत होतं. तरीही त्या क्षणी मला जे वाटलं ते हेच की गाडीत तिसरं कुणीतरी आहे आणि त्यानं आत्ताच श्वास सोडला. पत्रकवालीला असं वाटलं. खोटं कशाला लिहू?

"काका, बंद करा. आत्ता. बंद!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटींतून पांढरं येत होतं, बाहेरचं धुकं कुठलं आणि आतली वाफ कुठली ते कळेना. बॉनेट गार होईपर्यंत आम्ही दूर उभे राहिलो. आत टिक, टिक चालू होतं.

वरचा पाइप तोंडाशी फुटला होता. फाटला नव्हता, उकडलेल्या वांग्यासारखा उलला होता.

ताईचं सासर तिथून जवळच. काकांनी फोन केला, तिचे सासरे आपली जीप घेऊन आले. भारदस्त माणूस, दूधसंस्थेचा कारभार बघणारा. बॉनेटमध्ये वाकून म्हणाले, "पावणं, गाडी हाय का म्हस? पान्हा सोडलाय हिनं!"

काका हसले नाहीत. गावातल्या पोरांनी बाजारातून मोटारसायकलवर नवा पाइप आणला, बसवला, पाणी भरलं. गाडी सुरू झाली. काटा मधोमध येऊन थांबला. वास नाही, वाफ नाही. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून वाचलं, असं सगळे म्हणाले. आम्ही ताईच्या सासरी गेलो. जेवणं झाली, ओटी भरली, आणि ताई पिशवी घेऊन अंगणात आली.

"चला आबा," ती काकांना म्हणाली. "आई म्हंतीया गाडीत भूत हाय. मला बघायचंच हाय त्येला."

काकांनी बॉनेट उघडलं. नवा पाइप कडक, मॅट काळा, त्याला त्यांनी हात लावला नाही. खाली हात घालून बाकीचे धरून बघितले, एकेक करून. प्रत्येक वेळी अंगठा आत जात होता. खालचा मोठा पाइप. टाकीकडं जाणारा बारका. काच गरम करायला आत जाणारे दोन. त्यांनी किती वेळ ते केलं! त्या अंगठ्याला साच्यातली वाळू ओली किती, कोरडी किती, हे कळायचं.

मग व्याह्यांकडं वळून म्हणाले, "पावणं, तुमच्या जीपमधनं सोडता का हिला?"

लग्नात बोललेलं तिथल्या प्रत्येकाला आठवत होतं.

"आता तर नीट झाली की वो गाडी," व्याही म्हणाले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही.

"न्हाय झाली," काका म्हणाले. "हिला मीच तेल पाजलंय."

ताई आणि मी जीपमध्ये मागं बसलो, व्याही चालवत होते. काका एकटे मागून येत होते. धुकं तसंच होतं. मागच्या काचेतून त्यांचे दोन दिवे दिसत होते, कधी जवळ, कधी विरून जायचे आणि मग परत यायचे. ते गेले की ताई बोलायची थांबायची, परत आले की बोलायची. मी तिला रबराचं सगळं समजावून सांगत होते. ती ऐकत नव्हती.

"अगं," ती मधेच म्हणाली, "आबांच्या शेजारी कोण बसलंय?"

मी वळले. काचेवरच्या ओलीतून पुढच्या सीटवर खरंच एक अंग दिसत होतं, ताठ, गप्प, डोकं नसलेलं.

"तुझी पिशवी आहे," मी म्हणाले. "पट्टा लावलाय तिला."

ताईनं परत बघितलं. मग जीपच्या पुढच्या सीटकडं वाकून म्हणाली, "मामंजी, जरा हळू घ्या. आबा दिसना झालंत."