मामांचा आफ्रिकन झेंडू

माझं खतं-औषधांचं दुकान ईट गावाच्या रस्त्याला आहे. शेतकीची पदविका माझी आणि परवानाही माझ्याच नावावर, त्यामुळं आसपासची सगळी रोगट पानं माझ्याच टेबलावर येऊन पडतात. त्या साली श्रावणात पावसानं ओढ दिली, सोयाबीन पिवळं पडलं आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्याच गर्दीत एके दिवशी माझे सासरे आले आणि त्यांनी माझ्यापुढं एक खाकी पाकीट ठेवलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. पोलीस खात्यातून ते जमादार म्हणून निवृत्त झाले. खातं सुटलं, पण पंचनामा सुटला नाही. पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘नमुना क्र. १. ठिकाण : राहत्या घराचा परस, उत्तरेची भिंत. पीक : आफ्रिकन झेंडू.’ आत कातरलेल्या कडांचं, करंगळीएवढं एकच पान.

“मामा, अख्खी फांदी तरी आणायची.”

“नमुना थोडाच घ्यायचा आसतो. बाकीचा माल जागेवर.”

पान उलटं करून पाहिलं. खाली बारीक जाळं होतं आणि त्यात लाल ठिपके चालत होते. लाल कोळी. मी निंबोळी अर्काची बाटली दिली आणि पानाच्या खालच्या बाजूनं फवारा म्हणून सांगितलं. मामांनी पाकीट परत पुढं सरकवलं. “रोगाचं नाव लिव्ह. खाली सही कर.”

मी केली. गिऱ्हाइकं खोळंबली होती.

दसऱ्याला तोरण घरच्या फुलांचं लावायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पहिला बेत होता. बी त्यांनी बाजारातून आणलं होतं आणि माती महादेवाच्या देवळामागून दोन पाट्या. बाकीची रोपं जळून गेली, एकच तगलं. त्या एकट्यावर मामांनी सगळा जीव लावला. मी सकाळी आठला घर सोडायची आणि दिवेलागणीला परत यायची. परसात जायला मला सवडच नव्हती. मला झाड माहीत होतं ते फक्त पाकिटातून.

दुसऱ्या पाकिटात मावा निघाला, पानाला चिकटलेली हिरवी बारीक कीड. तिसऱ्यात पिठ्या ढेकूण, पानाच्या मधल्या शिरेला कापसासारखा. मी साबणाचं पाणी सांगितलं आणि बजावलं, की आधी मुंग्या आवरा, मुंग्याच त्याला वर चढवतात. मामांनी बुंध्याला ग्रीस लावलेलं फडकं बांधलं. ऊन तापायच्या आत खुर्ची टाकून ते झाडापाशी बसायचे आणि एकेक मुंगी टिपायचे. चौथ्यात भुरी होती, पिठूळ पांढरे डाग. ताक पाण्यात मिसळून फवारा म्हटलं, तर घरातलं ताक आठवडाभर झाडालाच गेलं आणि आम्ही कोरडी भाकरी खाल्ली. पाचव्यात अळीची विष्ठा होती, अळी नव्हती. “आरोपी फरार,” मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी अळीही आणली, काडेपेटीत.

खरं सांगते, मला माझा अभिमान वाटत होता. पाच रोग, पाच औषधं, आणि झाड प्रत्येक वेळी उठून उभं राहत होतं. मामा तर दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, “सुनेच्या हाताला गुण हाय.”

गणपती उठले आणि मामांची पाठ आखडली. फवारणीचा पंप पाठीवर घेता येईना, म्हणून एका रविवारी मी स्वतः परसात गेले.

झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. बुंधा मनगटाएवढा. प्रत्येक देठाला हाताच्या पंजासारखी सात सात बोटं, आणि शेंड्याला हिरवे, चिकट तुरे. ती बोटं सुटी सुटी करून मामा मला एकेक आणून देत होते. अख्खा पंजा मी पाहिला होता, पण पुस्तकात नाही. पोरांच्या बनियनवर आणि मोटारसायकलच्या टाकीवर.

पंप तसाच पाठीवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई, म्हणजे आत्या, भाकरी थापत होत्या.

“आत्या, ते झेंडूचं झाड—”

“गांजा हाय त्यो,” आत्या म्हणाल्या. भाकरी परातीत फिरतच होती. “देवळामागं बैरागी उतरत्यात न्हवं का. त्यांच्या चिलमीतलं बी त्या मातीत आलं आसंल.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“चार पानं फुटली तवाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला इचारलं का कुणी? नमुनं तुज्याकडं जात व्हते.”

पाच पाकिटं, पाचांवर माझं निदान, माझं अक्षर, माझी सही. परवाना माझ्या नावावर. मी मामांकडं गेले. ते ओसरीवर पाठीला गरम विटेचा शेक देत बसले होते.

“मामा, तो झेंडू नाही. गांजा आहे.”

ते हसले. मग उठले, पाठ धरून परसात आले आणि झाडाकडं बराच वेळ पाहत राहिले. “गांजा आसा आसतुय व्हय?” ते म्हणाले. “आमच्याकडं यायचा त्यो वाळलेला. पोत्यात.”

मला वाटलं, आता उपटतील. पण मामा म्हणाले, “हात लावायचा न्हाय. पुरावा हाय. उपटून न्हेला तर वाहतुकीचं कलम लागंल. ठाण्याला कळवतो.”

“मामा, आरोपी कोण होईल?”

“म्या,” ते म्हणाले. ते म्हणताना जरा ताठच झाले. “आन् तज्ज्ञ म्हणून तू.”

दुपारी एक हवालदार आला. साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर. नोकरीच्या सुरुवातीला तो मामांच्या हाताखाली होता. त्यानं आधी चहा घेतला, मग परसात गेला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि एका तुऱ्याला नाक लावलं.

“काका, ही तर अंबाडी हाय.”

“अंबाडी न्हाय, गांजा हाय,” मामा म्हणाले.

“काका, तुमी निवृत्त झालाव. एका झाडापायी पंच बोलवायचं, फोटो काढायचं, वजन करायचं, नमुना पाठवायचा, तारखा करायच्या, आन् पयला आरोपी तुमी. पान दोन्हीचं पंजावाणीच. माज्या नजरेला अंबाडी दिसती. तुमची नजर आता कमी झालीया.”

“म्या कोर्टात शपथेवर सांगितलंय, पाना-वासावरनं वळखला म्हणून! किती खेपा सांगितलंय!”

“व्हय की,” हवालदार नम्रपणे म्हणाला. “मग तीन म्हैने ह्येला पाणी घालताना वास न्हाय आला?”

मग तो मामांच्या पाया पडला आणि गेला.

तो गेल्यावर भिंतीपलीकडून शेजारच्या आबांनी डोकं वर काढलं. त्यांची चार शेरडं आहेत. दोन महिन्यांपासून ती आखूड दाव्यानं बांधलेली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. “उपटताव का आता?” त्यांनी विचारलं. “आमी समदे गप व्हतो. वाटलं, जमादारांनी सापळा लावलाय. जो वळखंल, त्यो वढणारा म्हणून धरला जाईल.”

म्हणजे गावात ज्याला त्याला ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त जमादाराला आणि तज्ज्ञाला.

उपटलं शेवटी आत्यांनीच. पदर खोचला, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि हिसडा दिला. उकिरड्यात खड्डा करून झाड पुरलं आणि वर चार पाट्या शेण टाकलं. मी पाचही पाकिटं चुलीत घातली. मामांनी अडवलं नाही. ते जेवलेही नाहीत.

संध्याकाळी मी त्यांना गोळी द्यायला गेले, तर ते म्हणाले, “बस जरा.”

मी बसले.

“तेरखेड्याकडं एका गावात आमी एकाला धरला व्हता. बांधावर झाडं व्हती त्याच्या. त्यो पाया पडून म्हणत व्हता, साहेब, अंबाडी हाय, भाजी करून खातो आमी. म्या म्हणालो, मला शिकवतो व्हय. कागदावर लिव्हलं, वासावरनं वळखला.”

“मग?”

“नमुना तपासायला पाठवला. उत्तर यायला चार म्हैने लागले. तवर त्यो आत.”

“उत्तर काय आलं?”

मामांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला. “अंबाडी.”

त्यांनी माझ्या बोलण्याची वाट पाहिली नाही. आडवे होऊन कूस बदलली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून निघाले. कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाले, तेरखेड्याकडं एकाची गाठ घ्यायची आहे. आत्या दुपारपासून दारातून चारदा पाहून आल्या. दिवस कलताना मामा आले, पायांवर पाणी घेतलं आणि ओसरीवर बसले.

“भेटला का?” मी विचारलं.

“भेटला. वळखलं त्यानं लगीच.”

“काय म्हणाला?”

“जेवून जावा म्हणला.”

“आणि तुम्ही काय बोललात?”

“बोलायचं म्हणूनच गेलतो,” मामा म्हणाले. “पर त्याच्या बायकोनं ताट आणलं. अंबाडीची भाजी, भाकरी, ठेचा. त्यो समोर बसून बघत व्हता. आता भरल्या तोंडानं काय बोलणार?”

“खाल्ली?”

“खाल्ली. दोनदा वाढली त्यांनी, दोनदा खाल्ली.”

आत चुलीपाशी आत्यांनी फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला. “घरी केली की ताट सारत्यात,” त्या म्हणाल्या, “आंबट हाय म्हणून.”