अंगठ्याएवढा चंद्र

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही आणि विचारणारही नव्हतो. देवळालीला जाणाऱ्या एस.टी.त तो आमच्या पुढच्या बाकावर होता. गुळाचा दलाल असावा. अंगात रेशमी शर्ट, आणि हातातला कंगवा सारखा केसांतून फिरत होता.

माझ्या बायकोला दिवस गेले होते. येत्या ग्रहणात विळीला हात लावायचा नाही, अशी माझ्या आईची तिला ताकीद होती. म्हणून तिनं मला विचारलं, सूर्याला ग्रहण लागतं म्हणजे नक्की काय होतं? मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चंद्राची कक्षा, प्रच्छाया, उपच्छाया, सगळं नीट सांगू लागलो. ती जांभई दाबत होती.

तो मागं वळला. "वैनी, ती कारखान्याची चिमणी दिसती का? एक डोळा झाका आन् अंगठा म्होरं धरा."

तिनं धरला.

"गेली चिमणी?"

"गेली की!"

"चिमणी म्हंजी सूर्य, अंगठा म्हंजी चंद्र. लांबचं कितीबी मोठं असू द्या, जवळचं बारकं त्याला झाकतंच."

एवढं बोलून त्यानं पुन्हा कंगवा फिरवला. ती खळखळून हसली. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही बोलण्यावर ती तशी हसली नव्हती. मग दर अमावस्येला ग्रहण का लागत नाही, हे त्याला विचारायला हवं होतं, असं चरफडत मी घरी आलो.

अंगणात पाय धुताना वर पाहिलं. ती दारात उभी होती, एक डोळा मिटून, अंगठा माझ्यावर धरून.

"गेले की!" ती स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा तशीच हसली.