पोरीची परीक्षा हाय

उमरेड-नागपूर गाडीत मयुराची रोज परीक्षा असायची. कॉलेजात नसली तरी गाडीत असायची. सकाळच्या एसटीत पाय ठेवायला जागा नसे. दोन पायांपैकी एक कुणाच्या तरी पिशवीवर आणि दुसरा देवाच्या भरवशावर. अशात मागच्या दारातून कंडक्टर चंद्रभानकाकांचा आवाज यायचा, "उठ गा भाऊ, बसू दे तिले! पोरीची परीक्षा हाय!"

तो भाऊ चपापून उठायचा. मयुरा चोरासारखी बसायची आणि खोटं उघडं पडू नये म्हणून वही उघडून ओठ हलवत राहायची. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला असो की दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली असो, हिची परीक्षा चालूच. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "काहून वं बाई, तू पासच नाही होऊन राहिली का?" सगळी गाडी हसली. काका सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि ते मोठ्यानं म्हणजे काय, तर पाचगावच्या फाट्यावर ओरडले की रस्त्यातल्या म्हशी बाजूला व्हायच्या. ड्रायव्हरला घंटी लागतच नसे. तरी नियम म्हणून काका दोरी ओढत. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

अशा खोट्या परीक्षा देत देत मयुरा खरोखरच शिकली. बोलण्याचे आणि ऐकण्याचे आजार, हा तिचा विषय. बापाला हातमागावरच्या साडीचा काठ समजावून सांगता येई, पण मुलगी काय शिकते ते सांगता येत नसे. "बोलायले शिकवते लोकायले," तो म्हणायचा, आणि लोक म्हणायचे, "उमरेडात तर न शिकवताच बोलते सारे." पदवी झाली, मग ती त्याच विषयात मास्टर्सला लागली. नागपुरातच हुडकेश्वरला दोन नर्स मुलींबरोबर खोली घेतली आणि रोजची गाडी सुटली.

रविवारचा वर्ग तिनं हौसेनं धरला होता. हुडकेश्वरच्याच एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो भरे. घशाच्या कॅन्सरनं ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, अशी सात-आठ माणसं तिथं जमत. श्वासासाठी मानेत छिद्र, छिद्रावर पांढरा रुमाल. वर्ग चालवणारे ओमप्रकाशजी स्वतः त्यातलेच. जन्मभर कापड विकलेला माणूस, ऑपरेशननंतर पुन्हा बोलायला शिकला होता. आवाज घोगरा, पण भाव करण्यापुरता पुरेसा. "मॅडम, फीस तो नहीं मिलेगी," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पण तर्री-पोहा पक्का."

एका रविवारी त्या खोलीत एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्याच्या गळ्यात रुमाल. मयुरा खडू शोधत होती. त्यानं तिला पाहिलं, थबकला, मग पुढच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला खांद्याला धरून उठवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे हात केला. तो माणूस बुचकळ्यात पडला. बाईनं कपाळावर हात मारला. "माफ करजा भाऊ. हे म्हणते, तिले बसू द्या. पोरीची परीक्षा हाय."

मयुरा बसली. समोर चंद्रभानकाका उभे होते. ज्या आवाजानं म्हशी हलायच्या तो गेला होता, खर्ऱ्यानं खाल्ला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो पुडा काकांच्या खाकी खिशात तिकिटांच्या शेजारी असायचा, हे तिनं कितीदा पाहिलं होतं.

"काका," ती म्हणाली, "उद्या खरंच परीक्षा आहे माझी."

काकांनी बाकावर बोटानं दोन टोले मारले.

बिनगळ्याचं बोलणं शिकायचं तर आधी ढेकर शिकावी लागते. तोंडातली हवा गिळून अन्ननलिकेत ढकलायची, ती उलटी वर आणायची आणि येता येता तिचा शब्द घडवायचा. हे ऐकल्यावर काकूंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, हात जोडले. "चाळीस वर्षं म्हटलं, चारचौघांत ढेकर नका देऊ. आता तुम्ही मुद्दाम शिकवून राहिले!" काकांनी सूड घेतल्यासारख्या ढेकरा दिल्या, पण शब्द येईना. क, ट, त, प ही अक्षरं या पद्धतीत सोपी जातात. मयुरानं 'काका' दिला, 'पाट' दिला, 'टोपी' दिली. काही नाही. मग एका रविवारी तिला सुचलं. ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, मी गाडीत चढले. आता?"

काकांनी हवा गिळली, मान ताठ केली.

"ति-की-ट."

मग ओमप्रकाशजींनी खिशातून दहाची नोट काढून पुढे केली. "एक फुल, उमरेड." काकू पदरात तोंड घालून आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

त्याच दिवशी काकांनी पाटीवर लिहिलं : मारबतीच्या आधी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी, अशा बायांच्या अवाढव्य पुतळ्यांना गावातून फिरवून बाहेर नेऊन जाळतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला-ताप घेऊन जा गे मारबत. काका दर वर्षी इतवारीच्या एका कोपऱ्यावर उभे राहून पहिली आरोळी ठोकत. यंदा त्यांना त्यांचं स्वतःचं दुखणं द्यायचं होतं.

"मी म्हटलं, मी ओरडते तुमच्या नावानं," काकू म्हणाल्या. "तर म्हणते नाही. ज्याचं दुखणं त्यानंच सांगा लागते म्हणते. दुसऱ्याच्या तोंडचं मारबत नेत नाही. कुठं लिहिलं हाय, देव जाणे!"

"ओरडाल काका," मयुरा म्हणाली. "मी तुमच्या बाजूला उभी राहीन."

हे तिनं होळीच्या सुमारास म्हटलं, तेव्हा तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सुरू व्हायचं होतं. उन्हाळ्यात तो प्रबंध तिच्या मानेवर बसला. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये रुग्ण, संध्याकाळी लायब्ररी, आणि रविवार हा असा एकच दिवस, ज्यावर सगळ्यांचाच हक्क. तिच्या मार्गदर्शक वैदेही मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला समजावलंच होतं, "समाजसेवा कर, पण अभ्यासात कालवू नकोस. रविवारी तू क्लिनिकमध्ये नसतेस. तिथं तपासणं नाही, निदान नाही. सराव घ्यायचा आणि निघायचं." मयुराला हे पटलं होतं. डोक्यात तिनं दोन कप्पे केले आणि मधल्या दाराला कडी लावली.

वर्ग दोन तासांचा होता, तो एकाचा झाला. काही रविवार बुडाले. ती घड्याळाकडे पाहू लागली की काका बाकावर दोन टोले मारत. चल. निघ. ती पोह्यांची प्लेट तशीच टाकून पळायची.

श्रावणात काकांचा आवाज उतरला. 'घेऊन जा' पर्यंत आलेले काका परत 'तिकीट'वर आले, आणि तेही खरवडल्यासारखं. मयुराची परीक्षा तोंडावर होती आणि रात्रीची झोप झालेली नव्हती.

"काका, घरी सराव करत नाही ना तुम्ही? खरं सांगा."

काकांनी दोन्ही कान पकडले.

"कान पकडून काय होते? मारबत आली न दारात! मी कॉलेजचं सगळं सोडून येते ते कशासाठी?"

खोलीतले सगळे खाली पाहू लागले. शाळेत होत असे तसं. ओमप्रकाशजींनी प्रसंग निभावायला पोहे पुढे केले, वर झणझणीत तर्री. काकांनी प्लेट हळूच बाजूला सारली आणि आकाशाकडे बोट दाखवून हात जोडले. उपास.

"श्रावण धरला काय? बरं झालं," मयुरा म्हणाली. "तेवढा सरावही धरा."

काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी त्यांच्या बांगडीवर बोटानं एक टोला दिला. काकूंचं तोंड मिटलं. मयुरानं हे पाहिलं, पण बाहेर ऑटो उभा होता.

तोंडी परीक्षेची तारीख लागली ती नेमकी मारबतीची. शहराला त्या दिवशी सुट्टी असते, पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना मारबत हे कुणा बाईचं आडनाव वाटलं असावं. मयुरानं काकांना सांगताना मान खाली घातली. काकांनी दोन टोले दिले, आणि वर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परीक्षा चांगली चालली होती. परीक्षक वयस्कर होते, मृदू बोलत होते. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "समजा, स्वरयंत्र काढलेला एक रुग्ण आहे. अन्ननलिकेतून चांगलं बोलायला लागला होता. काही महिन्यांनी त्याचा आवाज उतरू लागला, गिळायला त्रास होऊ लागला. तू काय करशील?"

"सराव थांबवीन, सर," मयुरा फाडकन म्हणाली. तिला हे पाठ होतं. "आजार उलटलाय असं आधी गृहीत धरायचं. ताबडतोब सर्जनकडे पाठवायचं. सराव कमी पडतो म्हणून रुग्णाला दोष..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं.

"बरोबर," परीक्षक म्हणाले. "दोष द्यायचा नाही. फार जण इथंच चुकतात. छान."

वैदेही मॅडम हसून मान डोलावत होत्या. मयुरा खुर्चीवरून उठली तेव्हा परवानगी घ्यायचं राहून गेलं.

इतवारीकडे जाणारे रस्ते बंद होते. ऑटोवाल्यानं तिला अलीकडेच उतरवलं. पुढे ती ढोल-ताशांतून, माणसांच्या कोपरांतून, गुलालातून शिरत गेली. अंगावर परीक्षेचा पांढरा कोट तसाच. एक पोरगा म्हणाला, "ओ डॉक्टर, कोनाले झटका आला का?" एका बंद दुकानाच्या ओट्यावर तिला काकू दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी काका, भिंतीला टेकून. श्रावण सरला होता. काकांचा उपास सुटलेला दिसत नव्हता.

तिनं काही विचारायच्या आधीच काकूंना सगळं समजलं असावं.

"राखीच्या आधीच सांगतलं डॉक्टरनं," त्या म्हणाल्या. "पुन्हा आलं म्हणे. आता कापता नाही येत. दुखणं कमी करू म्हणे, तेवढंच."

"मग मले काहून नाही सांगितलं काकू? मी त्यायले रागावली! साऱ्यायसमोर!" इतकी वर्षं पुस्तकी बोलून बोलून सुटत आलेली भाषा तिच्या तोंडात एकदम परत आली.

"मी सांगत होती वं. यायनंच नाही सांगू देलं." काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणे, पोरीची परीक्षा हाय."

म्हणजे तिनं ओळखलं नाही म्हणून काकांचं काही बिघडलं नव्हतं. डॉक्टर आधीच पोचले होते. हा दिलासा होता. मयुराला तो घेता आला नाही. कान पकडून उभे असलेले काका तिला दिसत राहिले.

तेवढ्यात कोपऱ्यावर गलका झाला. पिवळी मारबत वळत होती, दुमजली घराएवढी, डुलत. काका भिंत सोडून उभे राहिले. मयुरानं त्यांचा दंड धरला. दिलेला शब्द तेवढा तरी पाळला गेला. काकांनी हवा गिळली. मानेच्या शिरा ताठल्या, ओठांनी 'घे' धरला. आवाज आला नाही. मानेवरचा रुमाल तेवढा फडफडला. त्यांनी पुन्हा गिळली. पुन्हा रुमालच. मारबत समोर आली आणि पुढे सरकू लागली. तिला काय, शहरभराचं न्यायचं होतं.

काकांनी मयुराकडे पाहिलं आणि तिच्याकडे बोट केलं. तू.

"माझ्या तोंडचं नेत नाही ना ते!" ती म्हणाली.

काकांनी बोट हलवलं नाही.

लोकांना बोलायला शिकवणारी ती मुलगी मारबतीकडे वळली. तिनंही हवा गिळली. मग ती ओरडली, फाटक्या, चिरक्या आवाजात, "काकांचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या पोरांना कोण काका ते माहीत नव्हतं. मारबतीच्या दिवशी कुणी विचारतही नाही. त्यांनी आरोळी उचलली, पलीकडच्या ओट्यानं उचलली, आणि चौकभर शे-दोनशे माणसं ओरडली, "घेऊन जा गे मारबत!" काकू मारबतीकडे पाहतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

गर्दी ओसरली तेव्हा काकांनी भुवया उडवून मयुराला विचारलं. तिनं मान हलवली. पास होईन. काकांनी बाजूच्या अनोळखी माणसाचा हात धरून जोरात हलवला. तो गोंधळला. काकू त्याला म्हणाल्या, "पोरीची परीक्षा होती गा भाऊ."

मारबतीनं काही नेलं नाही. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते तेव्हा काका गेले. मयुरा रविवारचा वर्ग अजून घेते. हल्ली आधी प्रत्येकाच्या मानेवरून बोटं फिरवते, गिळायला त्रास होतो का विचारते, आणि प्लेटमधले पोहे कुणी किती खाल्ले ते पाहते. "मॅडम, जावई पाहून राहिल्या का?" ओमप्रकाशजी विचारतात. ती हसत नाही.

काका जायच्या आधीचा रविवार. मयुरा त्यांच्या घरी गेली होती. वर्गाला जायचं होतं, दुसऱ्या दिवशी एका हॉस्पिटलात मुलाखत होती, तिची तयारी व्हायची होती. काका खाटेवर डोळे मिटून पडले होते. तिनं थोडा वेळ त्यांचा हात धरला, मग हळूच सोडवला आणि पिशवी खांद्याला लावली. आता दोन टोले येतील म्हणून सवयीनं दारात थांबली.

खाटेच्या लाकडावर काकांचं बोट वाजलं. एकदा.

ती वाट पाहत राहिली. दुसरा टोला आला नाही.

काकूंनी कोपऱ्यातला पाट ओढून खाटेजवळ टाकला. "बस वं," त्या म्हणाल्या. "आज काही परीक्षा नाही तुही."