पुढचा ब्रेक आणि मागची सीट

गॅरेजमध्ये नट-बोल्ट हरवतात, किस्से मात्र साचत जातात. नववीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी देवळीच्या या गॅरेजात काम करतो. चारचौघांत मला फारसं बोलता येत नाही, म्हणून ऐकलेलं सगळं डोक्यात राहतं. आमचे उस्ताद गजूभाऊ म्हणतात, "गाडी आपल्या मनानं कमीच बिघडते. माणूसच तिले काईतरी करून ठेवते."

पुढच्या ब्रेकच्या बाबतीत तर हे अगदी खरं आहे.

•

हिंगणीचा एक जण आला. ब्रेकची डिस्क करकर वाजते म्हणून त्याने तिच्यावर खोबरेल तेल सोडलं होतं.

"भाऊ, आवाज एकदम बंद झाला. पण आता गाडी थांबून नाई राह्यली."

"मग इथवर थांबत थांबत आला कसा?"

गजूभाऊंनी आधी त्याच्या चपलेचा तळ पाहिला, मग डिस्क पाहिली. चपलेची हालत जास्त वाईट होती.

•

नाचणगावच्या वसंतकाकांचा प्रकार उलटा. ते भाजी पिकवतात आणि बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर देवळीला आणतात. त्यांचा पुढचा ब्रेक दाबून सोडला तरी चाक सोडायचा नाही. एकदा भर रस्त्यात गाडी अडली आणि मागे बसलेल्या काकू टमाटरांच्या टोपलीसकट खाली आल्या. लागलं नाही, पण उठताना त्या म्हणाल्या, "आता या गाडीवर तुम्ही अन् तुमचं नशीब."

तेव्हापासून काकू ऑटोने बाजारात येऊ लागल्या.

काका गजूभाऊंना म्हणाले, "ब्रेकचं तुम्ही पाहा. पण मले ते मागं बसलेली पाह्यजे. ऑटोत तोंड फिरवून बसते. हॉर्न वाजवला तरी पाहत नाई."

•

आम्ही ब्रेक खोलला. आतला पिस्टन चिखलाने जाम झाला होता, पिना कोरड्या पडल्या होत्या. सगळं साफ केलं, ग्रीस लावलं, नवीन ऑइल भरलं. स्टँडवर चाक भिंगरीसारखं फिरलं.

पुढच्या बाजाराला काका पुन्हा हजर. "धरूनच राह्यला."

डिस्कला हात लावला तर चटका बसला. पुन्हा खोललं, आत सगळं ठीक. जोडून चालवून पाहिलं, कुठेच चिकटला नाही.

गजूभाऊ म्हणाले, "काका, आमच्यासमोर तर मोठी शहाणी वागते गाडी."

"माहेरी आल्यावर सगळेच वागतात," काका म्हणाले.

•

शेवटी गजूभाऊंनी बाजाराच्या दिवशी मला नाचणगावला धाडलं. काकांच्या मागे मागे यायचं आणि काय होतं ते पाहायचं.

रस्ता मोकळा, पुढे कोणी नाही, तरी काकांच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा सारखा पेटलेला. मला वाटलं, काका धाकाने ब्रेक दाबून बसलेत. मी गाडी त्यांच्या बरोबरीला नेली.

"काका, ब्रेक सोडा ना."

"पकडला कोणं?" काकांनी बोटं उघडून दाखवली.

उजव्या हँडलला ओल्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, भरगच्च पिशवी लटकत होती. पिशवीचे बंद ब्रेकच्या दांडीवरून गेले होते. तेवढ्या वजनाने दांडी थोडी दाबून राहायची, ब्रेक घासत यायचा, तापायचा आणि मग चाक पकडायचा. गॅरेजात येण्याआधी काका माल उतरवून यायचे, म्हणून आम्हाला काही दिसतच नव्हतं.

"ही पिशवी इथे कोण अडकवतं काका?"

"तेच, तुही काकू. सांभार चेंगरू नये म्हणून घरून निघतानाच अडकवून देते." थोडं पुढे गेल्यावर काका म्हणाले, "तिले सांगजो नको बाप्पा. टमाटरचं अजून बोलून राह्यली, त्यात हे समजलं तर मनाले लावून घेईन."

•

गजूभाऊंनी पुढच्या गार्डला एक मजबूत हूक वेल्ड करून दिला. काकांनी कसंबसं समजावून काकूंना गॅरेजवर आणलं.

"हे कायचं?" काकूंनी विचारलं.

"नवीन पद्धत आहे काकू," गजूभाऊ म्हणाले. "सामान खाली लटकलं की तोल चांगला राहते. सगळ्याच गाड्याईले लावून राह्यलो."

काकूंनी गॅरेजात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या पाहिल्या. हूक एकीलाही नव्हता. मी पाने पुसायला लागलो. काकूंनी हँडल पाहिलं, हूक पाहिला आणि हातातली पिशवी मुकाट्याने हुकाला अडकवली. मग वाकून पुढचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा फिरवलं.

"चला," म्हणाल्या आणि मागे बसल्या.

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. काका निघाले. चौकापर्यंत जाईस्तोवर एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला, मग केळीचा हातठेलाही गेला.

काकूंचा आवाज आमच्यापर्यंत आला. "अवो, ब्रेक तर नाई लागून राह्यला ना? मग गाडी काऊन नाई चालून राह्यली?"

काकांनी हँडलवरचा आरसा काकूंच्या तोंडाकडे वळवला आणि गाडी तशीच हळू चालू ठेवली.