अर्धी अँबॅसिडर

बाबांनी पेढे वाटून आणलेली पांढरी अँबॅसिडर काही वर्षांनी कापली. कापली म्हणजे खरोखर कापली. भंडाऱ्याच्या एका वेल्डरनं गॅसकटरनं तिचं मागचं छप्पर टरबुजासारखं उडवलं, तिथं माल ठेवायला फळ्यांचा डाला ठोकला आणि नवरदेव मिरवणारी गाडी धानाची पोती वाहू लागली. पुढून पाहिलं तर मंत्री आले असं वाटायचं; मागून पाहिलं तर शिंगाड्याची टोपली. मला हे ध्यान भलतंच आवडायचं. डाल्यात उभा राहून मी रस्त्यावरच्या बैलांनासुद्धा हात हलवत जायचो.

पुढच्या सीटखालचा पत्रा गंजून जाळी झाला होता. इंजिनाचा तापलेला वारा थेट पायांवर यायचा. बाबा म्हणायचे, "मंत्र्याच्या गाडीत एसी राहते, आपल्या गाडीत शेगडी हाय."

कारध्याचा पूल आला की ते गाडी हळू करायचे आणि खिडकीतून वैनगंगेला एक रुपया टाकायचे. मागून कितीही हॉर्न वाजोत.

मग त्यांचे डोळे गेले, पाठोपाठ लकव्यानं डावी बाजू गेली. गाडी अंगणातल्या शेडात विटांवर चढली. एका शेतकऱ्याला शेतातल्या बोडीतलं पाणी उपसायला इंजिन हवं होतं. मी काढून दिलं. बाबांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन पावसाळे गेले.

गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर, ते म्हणाले, "मले एकदा कारध्याच्या पुलावरून ने. आपल्या गाडीत. भाड्याच्या गाडीत मी पाय नाही ठेवत."

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. पण मी गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत दोनदा राजा आणि एकदा सासू झालेला माणूस. म्हटलं, चला, नाटक करू!

सकाळी शेजाऱ्याचा पॉवर टिलर आणून गाडीच्या नाकासमोर धडधडत ठेवला. बाबांना उचलून डाव्या सीटवर बसवलं. तो शेजारी स्वतः सायकलची घंटी घेऊन वाहतूक झाला. बायकोला डाल्यात चढवलं, खड्डे करायला.

"अजी, मी का पोतं हावो का?" ती कुजबुजली.

"उडी मार ना वं, खड्डा आला!"

तिनं उडी मारली. अख्खी गाडी विटांवर डुलली. मी स्टिअरिंग फिरवत, गियरचा दांडा ओढत, तोंडानं हॉर्न देत निघालो. एसटीला साइड दिली, म्हशींना शिव्या दिल्या. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं. बाबांच्या उजव्या मुठीत रुपया होता.

"बाबा, पूल आला."

त्यांनी रुपया टाकला नाही. वाकून चांगल्या हातानं आपले पाय चाचपले.

"इंजिन कोनाले देलं गा?"

मी हॉर्नसाठी फुगवलेले गाल तसेच राहिले.

"माहे पाय थंडे हायेत," ते म्हणाले. "नाटक कराचं होतं त पायाखाली शेगडी ठेवाची. येवढं बी सुचलं नाही तुले?"

डाल्यात बायको रडत होती. शेजाऱ्याला काही कळलं नाही. तो घंटी वाजवतच राहिला. मी सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुपया माझ्या हातात ठेवला.

"खरा पूल येईन तवा तूच टाक. आता मले घरात ने."

घर दहा पावलांवर होतं.

महिन्याभरात ते गेले. गाडी अजून शेडातच आहे. डाल्यात कोंबड्या बसतात. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पुढून पाहिलं तर अजूनही वाटतं, कोणीतरी मोठं माणूस आलंय.

मी एसटीनं भंडाऱ्याला जातो. रुपया खिशात असतो. गेल्या आठवड्यात पूल आला तेव्हा बसची खिडकी गच्च बसली होती, सरकेना. शेजारचा म्हातारा म्हणाला, "जोर लाव ना गा, उघडते."

मी जोर लावला नाही. पूल संपेपर्यंत रुपया मुठीत धरून काचेतून पाणी पाहत बसलो.